पडद्यामागचा उपराष्ट्रपती

अगुएर मामा,

काल तुम्ही गावच्या बोअरवेलसाठी राजधानीत माझ्या दारी आलात आणि मी पडद्यामागे लपलो. राष्ट्रपती परदेशात आहेत, म्हणजे सध्या देश माझ्याकडे. पण तुम्ही आधी पाठवलेल्या अर्जावर हुकूम काढायला गेलो, तर सेक्रेटरी हसून म्हणाला, "साहेब, शिक्का ते सोबत घेऊन गेलेत!" हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून बायकोला पुढं केलं.

"तेही परदेशी गेलेत, मामा."

"दोघंही? मग देश कुणाच्या भरवशावर टाकला, सूनबाई?"

तेवढ्यात मला खोकला आला. भेट म्हणून माझ्या दारात बांधायला तुम्ही गावाकडचा माझाच मकुएई आणला होता. मी गावी गुरं राखायचो तेव्हा माझी गाणी ऐकत वाढलेला बैल तो, त्यानं आवाज ओळखला. दावं ताणून खिडकीकडे बघत हंबरायला लागला.

तुम्हीही खिडकीकडे पाहिलंत. मग त्याच्या पाठीवर थाप मारलीत. "गप रे वेड्या, तुझा धनी परदेशात आहे," म्हणालात, आणि त्याला परत घेऊन गेलात.

हे पत्र कुठून टाकू, मामा?

तुमचा भाचा,
धिऊ
मुक्काम परदेश