जळकी भोकं सध्या घेत नाही

भाऊजींना,

मोठ्या वहिनीचे आशीर्वाद, आणि त्यांच्याखाली घडी करून ठेवलेला थोडासा राग. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? जाऊबाईंचा खोकला गेला, की तुम्ही आणलेल्या वाफेच्या यंत्राने आणखी बळावला? मी ठीक आहे. रक्तदाब डॉक्टरला आवडेल इतकाच आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि झोप तिच्या सवडीने येते.

मुद्दा आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही कुठल्याही पत्राचा वरचा भाग वाचता आणि उरलेलं 'निवांत वाचू' म्हणून पेपराखाली सारता. परवा जाताना ह्यांच्या प्लेअरमधलं जुनं मेमरी कार्ड तुम्ही खिशात टाकून नेलंत. ते कॅमेऱ्यात घालू नका. घातलं असेल तर काढा. आणि कॅमेऱ्याने 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. (तुम्हाला आजवर कुणालाच नाही म्हणता आलेलं नाही, विक्रेत्यांना तर नाहीच, पण हा नुसता कॅमेरा आहे, त्याला वाईट वाटणार नाही.) फॉरमॅट म्हणजे झाडून, पुसून, आतलं सगळं बाहेर फेकून देणं. ह्यांची सगळी गाणी आता त्या नखाएवढ्या तुकड्यावर आहेत आणि अशी पुरती दुसरीकडे कुठेही नाहीत. रविवारी तुम्ही पाणथळीवर पक्षी टिपायला जाणार, म्हणून पत्र कुरियरने पाठवते आहे. एक पक्षी कमी टिपलात तरी चालेल. तसेही तुमच्या फोटोत पक्षी नुकताच उडून गेलेली फांदीच असते.

आता तुम्ही म्हणाल, वहिनी, मी तुम्हाला दोन टेराबाईटचं नवंकोरं कार्ड आणून दिलं, सगळी गाणी त्यात भरून दिली, तरी जुन्याचा सोस कशाला? भाऊजी, तुमचे उपकार मी विसरले नाही. तुम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलात, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, मी तीनदा चहा केला, आणि प्रत्येक चहाला तुम्ही सांगितलंत की एवढं मोठं कार्ड एवढ्या स्वस्तात म्हणजे विकणारा वेडाच असला पाहिजे. मलाही तेव्हा तसंच वाटलं. दोघांपैकी वेडं कोण, एवढाच आपला मतभेद. मग पट्टी भरली, तुम्ही मला पडदा दाखवलात, 'बघा वहिनी, एकूण एक नाव आलं,' म्हणालात, आणि आता या जुन्या चिमुकल्याचा तुम्हाला काय उपयोग, माझ्या कॅमेऱ्याला होईल, असं म्हणून ते नेलंत. नावं आली होती हे खरंच आहे. नावांबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत नेहमीप्रमाणे कामाला बसले. तुम्हाला माझं काम माहीत आहे, पण ह्यांनी गाणी कशी लावून ठेवली होती ते माहीत नसेल. लोक गायकाच्या नावाने लावतात, कुणी सालाने. ह्यांनी माझ्या रफूच्या कामाने लावली. कसर लागलेल्या लोकरीला बारीक बारीक टाके, दर भोकाला थोडा वेळ, म्हणून 'कसर' नावाच्या फोल्डरात छोटी गाणी. 'काठ' मध्ये ठेक्याची, कारण काठ भरताना हात एका लयीत चालतो. 'कोपर' मध्ये त्याहून लांब. आणि 'जळकं' मध्ये सगळ्यांत लांब, नुसत्या वाद्यांची. सिगारेटने किंवा इस्त्रीने जळलेलं भोक भरायचं तर कापडाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा सोडवून, उभा आडवा विणून नवं कापडच करावं लागतं, आणि मध्ये कुणी शब्द बोललेला मला चालत नाही, गाणारासुद्धा. हे छापखान्यात जन्मभर यंत्राच्या खडखडाटात उभे राहिले. तरी साधी फाईल आणि हाय-रेझोल्यूशन फाईल यांतला फरक आपल्याला ऐकू येतो, असं छातीवर हात ठेवून सांगायचे. मी 'चहा झालाय' म्हटलेलं मात्र कधी ऐकू आलं नाही. पण माझं कुठलं काम किती वेळ चालतं ते त्यांना बरोबर माहीत होतं.

तर 'कसर' वाजलं. 'काठ' वाजलं. 'कोपर' निम्मं वाजलं आणि एका कोटाची बाही अर्धी भरलेली असताना आवाज बंद. पडद्यावर नावं मात्र येत होती. एक नाव येई, क्षणभर थांबे, जाई, दुसरं येई. वर्गात हजेरी चालू आहे आणि बाकांवर कुणीच नाही, तसं. मला आधी वाटलं, माझे कान गेले. (या वयात एकेक अवयव न सांगता रजेवर जातो.) मालकाला म्हटलं, 'काहीतरी बोला.' मालक म्हणाला, 'काय बोलू?' म्हणजे कान शाबूत होते. मग इअरफोनची वायर हलवली, प्लेअर बंद करून चालू केला, कार्ड काढून पदराने पुसलं, पुन्हा घातलं. 'जळकं' उघडलं. सगळी नावं ह्यांनी लिहिली तशीच, काना मात्रेसकट. आवाज नाही.

त्या दिवशी एका गृहस्थाचा कोट आला होता, खिशाजवळ गोल जळका डाग. मी घेतला नाही. मालकाला सांगितलं, जळकी भोकं सध्या घेत नाही. कसर असेल तर आणा, काठ आणा, कोपर असेल तर एकच बाही. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उद्यापासून फक्त डावे मोजे धुणार असं म्हटलंय. संध्याकाळपर्यंत त्याने गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की आमच्या बाई धूम्रपानाच्या विरोधात आहेत. एक बाई येऊन माझं अभिनंदन करून गेल्या. मी ते स्वीकारलं. काय करणार?

मग वाचायला बसले. तुम्ही हसाल, पण ह्या प्लेअरसोबत आलेलं माहितीपुस्तक घरात कुणीही उघडलं नव्हतं. (पुस्तक वाचणं हा ह्यांना यंत्राचा अपमान वाटे.) मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या हमीपर्यंत वाचलं, आणि मग वाचनालयात जाऊन आणखी दोन जाडजूड पुस्तकं चाळली. तिथून दुकानात गेले. काचेमागच्या माणसाने विचारलं, 'क्लास टेन हवं का?' मी म्हटलं, 'दहावी नाही हो, शाळा आठवीतच सोडली. पुढचं सगळं घरी वाचलं.' (तो कार्डाच्या वेगाची इयत्ता विचारत होता.) मग म्हणाला, तुमचा प्लेअर फॅट बत्तीस मागतो की एक्स-फॅट? भाऊजी, ह्यांच्या माघारी मी किती वाळले आहे ते तुम्ही पाहिलंत. म्हटलं, एक्स-फॅटच लिहा, शोभेल. (तो कार्डाच्या आतली मांडणी विचारत होता. म्हणजे कपाटात खण कसे पाडलेत, तसं. माझ्या प्लेअरला दोन्ही चालतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण त्याचा चेहरा बघायचा होता.)

मग त्याने मला सिनेमा काढणाऱ्यांचं कार्ड दाखवलं. फार वेगाचं, फार महागाचं. म्हटलं, मी रफू करते, पाठलाग नाही. गाणं ऐकायला वेग लागतच नाही, कितीही हाय-रेझोल्यूशन असलं तरी ते आपल्या चालीनेच वाजतं. वेग लागतो तो भरताना, आणि भरायला मला आयुष्य पडलंय. तेव्हा मध्यम वेगाचं, ओळखीच्या कंपनीचं, ह्यांच्या गाण्यांपेक्षा थोडंच मोठं कार्ड मी घेतलं. घेतल्यावर तिथेच त्याच्या संगणकात ते काठोकाठ भरून पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं, कारण पुस्तकात तसं लिहिलंय. तो म्हणाला, 'बाई, दुपार जाईल.' मी पिशवीतून एक स्वेटर काढला आणि त्याच्या स्टुलावर बसले.

आणि बसल्याबसल्या तुमचंही कार्ड, आतलं काही न पुसता, त्याच परीक्षेला घातलं. भाऊजी, तुम्ही बसला असाल तर बरं. ते दोन टेराबाईटचं नाही. त्याच्या पोटात जागा बत्तीस जीबीची आहे. बाकी सगळी बतावणी. संगणकाने 'आणखी मावेल का?' असं विचारलं, की ते म्हणतं, हो हो, आणा. नाव लिहून घेतं आणि गाणं रस्त्यावर टाकून देतं. शिवाय वरचं कंपनीचं नाव भिंगातून पाहिलं, तर त्यात एक अक्षर कमी आहे. काचेमागचा माणूस म्हणाला, असली रोज येतात, कुणी दिलं? मी म्हटलं, एका फार हुशार माणसाने. बघा, मी तुमची बाजू सोडली नाही.

नवं कार्ड परीक्षेला उतरलं. घरी येऊन ते प्लेअरमध्ये घातलं. पुस्तक म्हणतं की फॉरमॅट शक्यतो प्लेअरमध्येच करावं, म्हणजे पुढे कुरकुर होत नाही. प्लेअरने विचारलं, 'यातील सर्व माहिती नष्ट होईल. पुढे जायचे?' कार्ड रिकामं होतं. मला माहीत होतं की रिकामं आहे. तरी बराच वेळ बोट तसंच धरून बसले. मग दाबलं.

तर आता सगळं तयार आहे, फक्त गाणी तुमच्या खिशात आहेत. ह्यांच्या मूळ सीड्या मी मागेच वाचनालयाला देऊन टाकल्या, तेही तुमच्याच सल्ल्याने, 'वहिनी, आता सगळं कार्डात आहे ना, अडगळ कशाला.' वाचनालयाने त्या विकून खुर्च्या घेतल्या. खुर्च्या चांगल्या आहेत, मी बसून पाहिलं. पण त्या वाजत नाहीत. तेव्हा कार्ड घेऊन या. टपालाने पाठवू नका. तुम्ही दोघं या, दिवसभर राहा, मी ते नव्यावर उतरवून घेते, आणि मग ते जुनं मी दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवीन. पुस्तकात म्हटलंय की प्रत नेहमी दोन ठिकाणी असावी. ह्यांना मी एकदा विचारलं होतं, तुमची दुसरी प्रत कुठे आहे? तर म्हणाले, तू ऐकतेस ना, मग झालं. एवढा विश्वास टाकायचा नसतो हो माणसावर.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा. गुडघ्याला शेक द्या.

तुमची,
वहिनी

ता. क. : येताना काहीही आणू नका. विशेषतः मोठं काही आणू नका. मागच्या वेळचा बारा माणसांचा कुकर अजून खोक्यातच आहे, त्याच्यावर मी कुंडी ठेवली आहे.

ता. क. : तुमचं दोन टेराबाईटचं कार्ड मी फेकलेलं नाही. त्यात 'कसर' आणि 'काठ' सुखरूप आहेत. म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं, झेपेल त्याहून जास्त हो म्हणत होतं इतकंच. आपल्या घराण्यात हे चालतं.

(पुढचा मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर)

जाऊबाई, ही चिठ्ठी तुमच्यासाठी. भाऊजींच्या हाती पत्र जाण्याआधी एवढी काढून घ्या. मुद्दामच फोन केला नाही. फोन तुमचा वाजला तरी तेच उचलतात. टपाल मात्र तुम्ही उघडता.

आत्ता, चिठ्ठी हातात असतानाच उठा आणि कॅमेऱ्याचं दार उघडा. आत एक मोठं कार्ड असेल, ती नुसती खोळ आहे, तिच्या पोटातून छोटं बाहेर येईल. त्याच्या पाठीवर पांढरा ठिपका आहे, ह्यांनी व्हाइटनरने दिलेला. ते संगणकात घालून बघा. आत 'जळकं' दिसलं तर कार्ड तुमच्या पर्समध्ये टाका आणि मग पत्र त्यांना द्या. कार्ड पहिल्यापासून पर्समध्येच होतं, कॅमेऱ्यात गेलं ते दुसरंच, असं सांगा.

आणि 'जळकं' दिसलं नाही, नुसत्या फांद्याच दिसल्या, तरी हेच सांगा. पत्रात मी त्यांना एवढं घाबरवलंय ते त्यांनी यावं म्हणून. आपल्या हातून गेलं, हे त्यांना कधी कळू देऊ नका. भाऊ गेल्यापासून ते माझ्या घरी पाच मिनिटं स्वस्थ बसलेले नाहीत. सतत काहीतरी जोडतात, भरतात, बदलतात. दोन टेराबाईट त्यांनी का घेतलं ते मला कळतं. दादाचं काही म्हणजे काही बाहेर राहू नये, एवढी जागा त्यांना हवी होती.

तेव्हा कार्ड भरलेलं असो की पुसलेलं, त्यांना घेऊन या. ह्यांच्या खुर्चीत बसवा. मी ते प्लेअरमध्ये घालीन, इअरफोन लावीन, एक कोट मांडीवर घेईन आणि 'जळकं' लागलं म्हणून मान डोलवीन. लांबलचक वादन आहे, बराच वेळ डोलवावी लागेल. तेवढा वेळ तुम्ही माझ्याकडे बघू नका. तुम्हाला हसू येईल, मग मला येईल, आणि दोघी पकडल्या जाऊ.