मशीनच्या पलीकडची बाजू

अमृत,
मी पेठला सोमाजीच्या दाराची चौकट बसवायला चाललोय. कालवण झाकून ठेवलंय, गरम करून खा.

तू मोबाइलवर दाखवलेल्या दोन्ही कटर मशीन बघितल्या. मागं लांब टेबल असलेली घेऊ म्हणतोस, तिच्यावर एकट्या माणसाला काम जमतं म्हणतोस. मला राग आला व्हता, पण तीच घे.

पडवीतल्या जुन्या मशीनला मागं कायबी न्हाई. मी अलीकडून फळी ढकलायचो आन् पलीकडं तुझी आई धरायची. पदर खोचून, डोळे बारीक करून. भुशानं तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, मग मी लई चिडवायचो, म्हातारी झालीस बघ म्हणून. खरी म्हातारी व्हायला काय ती थांबली न्हाई.

टेम्पोवाला आला की जुनी मशीन देऊन टाक, माझी वाट बघू नको. मला ती चढवताना बघायची न्हाई.

काल सागाची फळी कापत व्हतो. संपत आली तसं सवयीनं "धर गं" म्हणालो आन् हात सोडला. फळी खाली आपटली, कोपरा उडाला.

टेबल असलं म्हंजी निदान पडायची तरी न्हाई.

— आण्णा