गुडघ्याचं रनिंग-इन

९ जून, रेवस
दुपारच्या लाँचने भाऊच्या धक्क्याहून परत. कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी उजव्या गुडघ्यात सोडल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणं कदाचित कमी होईल. झिजलेली कूर्चा पुन्हा येते असा पक्का पुरावा नाही. सहा आठवडे चालणं घरापुरतं.
डॉक्टर तरुण आहेत. मी मोबाईलवर एकोणीस रिपोर्ट वाचलेत. कूर्चा येणार. मासेमारी १ ऑगस्टला उघडते. त्रेपन्न दिवस. पुरेत.

१२ जून
बोटीच्या इंजिनात नवे पिस्टन टाकले की ते झाकून ठेवत नाहीत. पन्नास तास हलक्या लोडवर चालवतात, मग भाग एकमेकांत बसतात. याला रनिंग-इन म्हणतात. हे मला कॉलेजने नाही, सत्तावीस वर्षांच्या मिस्त्रीकामाने शिकवलं. गुडघा वेगळा कसा? उद्यापासून रोज एक तास, जेट्टीपर्यंत.

२० जून
आठ तास पूर्ण. सूज. नवं इंजिनही तापतं.
किशोरी म्हणते, डॉक्टरला फोन करा. केला नाही. बायकोला रनिंग-इन समजत नाही, डॉक्टरांना काय समजावू.

५ जुलै
२३ तास. विठोबा आला, ज्या बोटीचं इंजिन मी बघतो तिचा तांडेल. पाय टेबलाखाली सारला. इंजिनखणात उतरायला जमेल ना, विचारत होता. नाहीतर काशीदच्या भावेश मिस्त्रीला सांगतो म्हणे. म्हटलं, पहिल्या दिवशी इंजिन मीच सुरू करणार.
आत किशोरीने भांडी जरा जास्तच वाजवली.

१७ जुलै
३५. काठी घेतली. चिखलासाठी.

१ ऑगस्ट, सकाळ ५.४०
काल ४९ झाले. पन्नासावा बोटीवरच मोजू.

१ ऑगस्ट, संध्याकाळ
विठोबाच्या बोटीच्या इंजिनखणात चार पायऱ्या उतरलो. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. हे नोंदवलंच पाहिजे.
वर येताना गुडघा वाकेना. शेवटी इंजिन उचलायची चेन-पुली लावली, माझ्या छातीला पट्टा बांधला आणि मला वर ओढलं. धक्क्यावर सगळा कोळीवाडा. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.
विठोबा पट्टा सोडताना हळू म्हणाला, "मिस्त्री, तापलं का पयलं बंद करायचं, ह्ये तुमीच शिकवलंत मला."

२ ऑगस्ट
फोन किशोरीने लावला. डॉक्टरांनी विचारलं, आराम केलात ना? वही समोरच होती. म्हटलं, थोडा.
बोटी आजच्या भरतीला गेल्या. विठोबाच्या बोटीवर भावेश. खिडकीतून कान देऊन तिचं इंजिन ऐकलं, खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत.
एकही फटका चुकला नाही.