दुर्बिणीलेही रंग दिसत नाही

तीर्थरूप बाबांस, ऑस्ट्रेलियाहून उकंड्याचा दंडवत.

मी खुशाल हाये. जेवणाची फिकर करू नका, पोया स्वतःच लाटतो. आईचा गुडघा कसा हाये?

इथं वेधशाळेत आकाशगंगेचे फोटो रंगीत करून राह्यलो. दुर्बिणीतून एकाच आकाशगंगेचे तीन काळे-पांढरे फोटो घेतात, लाल, हिरव्या अन् निळ्या काचेतून. ते मी ज्याच्या त्याच्या रंगाच्या उजेडात एकाच कागदावर एकावर एक छापतो, तवा रंग उमटते. काल साहेबानं ओला फोटो पाहून "बिघडला" म्हणत टोपलीत टाकला. मी तो उचलून, तुमी रंगवलेली लुगडी घालता तसा, दोरीवर वाळत घातला. वाळल्यावर रंग बरोबर निघाला. साहेबानं तोच भिंतीवर लावला!

धाकट्या झुंबरनं लिहिलं, तुमी कोणाचं तरी लग्नाचं लुगडं हिरव्याच्या जागी निळं रंगवलं, अन् तवापासून रंगाची भट्टीच पेटवली नाही. डॉक्टरले डोये दाखवले काय?

बाबा, दुर्बिणीले डोया लावला तर साहेबालेही आकाशगंगा राखाडीच दिसते. कोणता फोटो कोणत्या काचेतला, हे तो पाकिटावर वाचूनच मले सांगते. मंग तुमी रंगाच्या डब्यावरचं नाव झुंबरले वाचाले लावलं, तर लाज कायची?

भट्टी पेटवा. माझ्या लग्नाचा शेला मी दुसऱ्या कोणाच्या हातचा घेणार नाही.

तुमचा,
उकंड्या