नर कोणता, मादी कोणती

९ मार्च, सोमवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, तूही असशील. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बोल ताई" म्हणतोस आणि मला पुढचं काही सुचत नाही, म्हणून.

आधी माशांचं सांगते. बाबांनी शब्द टाकून मिळवलेली नोकरी सोडून तू घराबाहेर पडलास, तेव्हा टाकीत दोनच सिक्लिड होते, ते काळ्या पट्ट्यांचे. "तुझे मासेही उचल," असं बाबा ओरडले होते. तू काही ते नेले नाहीस. चार दिवस बाबांनी टाकीकडे पाठ करून पेपर वाचला. पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ते टाकीसमोर स्टूल टाकून बसलेले. म्हणाले, "त्या कुंडीत काहीतरी चाललंय."

टाकीत आडवी ठेवलेली ती मातीची कुंडी, तिच्या आत, छताला अंडी चिकटली होती. आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागली आणि आईबाप त्यांना कळपाने फिरवायला लागले. बाबा ताट घेऊन तिथेच बसायचे. जन्मभर कारखान्यात नकाशे काढलेला माणूस, त्यांनी टाकीचाही काढला, अगदी मापाला धरून. कुंडी कुठे, फिल्टर कुठे, जोडीची हद्द कुठपर्यंत.

मग दीड महिन्याने पुन्हा अंडी. मग त्या पिल्लांनाही पिल्लं. पाणी सारखं गढूळ व्हायचं, मासे एकमेकांचे पर तोडायचे. दातांच्या डॉक्टरांनी डझनभर नेले. शेजारच्या शिंपीणबाईंनी भिडेखातर बरणीतून चार नेले. माशांच्या दुकानदाराने एकदा घेतले, दुसऱ्यांदा हात जोडून बाबांना म्हणाला,

"काका, हे उंदरांसारखे वाढतात. कुंडी काढून टाका, खाणं कमी करा, पाणी जरा थंड ठेवा. तळ्यात नेऊन सोडू नका, तिथले मासे संपवतील. आणि अंडी दिसली की लगेच खरवडा. एकदा पिल्लं झाली की तुमचा हात धजायचा नाही."

बाबांचा हात अंड्यांवरही धजला नाही. रविवारी सकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून ते निघून जायचे आणि मी मोरीत बसून जुन्या टूथब्रशने कुंडी घासायची. पुन्हा टाकीत ठेवली की मादी आत जाऊन रिकाम्या जागेला वारा घालत राहायची. मला काही वाटायचं नाही. भांडी घासावीत तसं घासायची. शेवटी कुंडीच काढली, तर त्यांनी फिल्टरच्या मागे अंडी घातली.

नर आणि माद्या वेगळ्या ठेवायच्या, एवढंच उरलं. बाबांनी दुसरी टाकी आणली. मोठ्यांचं त्यांना ओळखता यायचं. नराच्या कपाळावर टेंगूळ, मादीच्या पोटावर नारिंगी झाक. अर्धवट वाढलेल्यांचं मात्र काही कळेना.

गेल्या महिन्यात बाबांना दम लागायला लागला, म्हणून दवाखान्यात ठेवलं. दोन-तीन दिवसांत सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन गेले. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "त्याला फोन लाव."

"कुणाला?"

"त्याला. विचार, नर कोणता, मादी कोणती, लहान असतानाच कसं ओळखायचं."

"दुकानदाराला विचारते की."

"दुकानदाराला काय कळतंय? त्याला लाव, आणि माझ्याकडे दे. मला नीट विचारता येईल."

मला कळलं होतं, बारक्या. न कळायला काय झालं. तीन वर्षं तुमचे दोघांचे निरोप मी पोचवले. "बरा आहे म्हणावं." "बरे आहेत म्हणावं." त्या दिवशी दिवसभर ऑफिस करून, दोन बस बदलून आले होते. मनात आलं, इतके दिवस मूग गिळून बसलात, आणखी एक दिवस बसा.

मी म्हटलं, "त्याचा फोन लागत नाहीये."

फोन पिशवीतून बाहेरही काढला नव्हता. बाबांनी पिशवीकडे बघितलं. "बरं, उद्या लाव," म्हणाले आणि कुशीवर वळले.

सकाळी दवाखान्यातून फोन आला. बाबा गेले. गुरुवार, २६ फेब्रुवारी. आज अकरा दिवस झाले.

काकांनी विचारलं, "बारक्याला कळवलंस ना?" मी म्हटलं, "कळवलं, त्याला सुटी मिळत नाहीये." झालं, सगळ्यांच्या तोंडी तू वाईट झालास. तुला कळवलं असतं तर तू विचारलं असतंस, शेवटी काही बोलले का? आणि मला हे सांगावं लागलं असतं. दुसरं कारण नाही. पुढच्या सोमवारी मी कामावर गेले. फायली लावल्या, चहा प्यायले. रडू अजून आलेलं नाही.

काल दुकानदार घरी येऊन गेला. मोठे नर जाळीने काढून दुसऱ्या टाकीत टाकले. लहानांवर बॅटरी मारून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मलाही सांगता येत नाही, ताई. चार महिने थांबा."

आज सकाळी काकांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "आधी त्याला लिही." म्हणून अर्धी रजा टाकून लिहायला बसले.

मला माफ कर असं लिहिणार नाही. इतक्यात तुला ते जमणार नाही आणि नकाराचं उत्तर मला वाचवणार नाही. घरी यावंसं वाटलं तर ये. मी समोर नको असेन, तर कामाच्या दिवशी ये. किल्ली शेजारी असते. दहा ते सहा घरात कोणी नसतं.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझी ताई