उताणं पडून केलेली पूजा

हैदराबाद, फेब्रुवारी २००९

सौ. अक्काताईस, लांबून शरणू शरणार्थ.

ऑपरेशन झालं, मी बरा हाय. फोनवर आपल्या पोराच्या, रुद्रेशच्या देखत बोलता येत न्हाय, म्हणून लिहितोय.

बुबुळावरची अख्खी काच बदलली न्हाय. तिच्या आतला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा तेवढा काढून एका वारलेल्या माणसाचा बसवला. त्याला टाका न्हाय. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडून तो दाबून धरत्यात, म्हणून उताणंच पडायचं असतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं पूजेला उठून बसलो. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, मान खाली घातली, आणि पडदा सुटला. डॉक्टर लई तापलं. परत हवा भरली. पोराला रागावू नको, तुला सांगू नको म्हणून त्याला मीच गप्प बसवलंय.

मग पडूनच पूजा केली. हात तोंडावर उंच धरायचा. डोळ्यात बुडबुडा डुलायचा, तळ्याच्या तळाशी निजून वरचा चंद्र बघावा तसा. लिंग कुठलं आणि बुडबुडा कुठला, कळायचं न्हाय.

आज तो विरला, तेव्हा कुठं बसायला मिळालं. पडदा धरलाय म्हणत्यात. तरी डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधारलं तर लगेच दाखवायचं. थेंब लई दिवस घालायचं. औंदा जोतिबाच्या गुलालात मला नेऊ नको.

तुझा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का?

पडदा कुणाचा, ते सांगत न्हाईत. त्या माणसानं शेवटी कुणाचं तोंड बघितलं असंल? अजून मला सगळं धुक्यातलं दिसतंय. ते निवळायच्या दिवशी समोरच ऱ्हा.

तुझा,
भरमाप्पा