डिफमध्ये पातळ की घट्ट

२ मार्च
इतके दिवस वही उघडली नाही, क्षमा असावी. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. गॅरेजच्या भिंतीवर ठोसा मारला होता. भिंतीबद्दल माझ्या मनात काही नाही. ती साडूंच्या वाटणीचं खाऊन गेली.
शर्यतीत साडूंच्या रिमोट-गाडीने माझ्या गाडीला टायरांच्या ढिगात घातलं. मी फक्त त्यांची कॉलर धरली. फाटली, याला कापड जबाबदार. तरी ही म्हणते, पुन्हा त्यांच्यावर हात टाकलात तर बॅग भरून ताईकडे जाईन. म्हणजे साडूंच्याच घरी. नेम चांगला आहे हिचा.
संकल्प: यंदा राग नाही.

८ मार्च
दोष माझ्यात नाही, डिफमध्ये आहे. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरावं लागतं. ती मोकळीक देणारी गिअरची डबी म्हणजे डिफ. आत पातळ ऑइल असलं की गाडी चटकन वळते आणि कुणाच्याही वाटेत घुसते. घट्ट ग्रीस भरलं की सरळ जाते. भांडणाचं मूळच संपलं. ग्रीस भरलं.
साडूंचा फोन. म्हणाले, साडूभाऊ, धुळीच्या ट्रॅकवर ग्रीस? वळायचं म्हणजे गाडीकडे अर्ज करावा लागेल. मी शांतपणे फोन ठेवला. काच फुटली.

१४ मार्च
ग्रीस काढलं, ऑइल भरलं. चाकं फारच मोकळी. पुन्हा ग्रीस. पुन्हा ऑइल. स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं. स्क्रूड्रायव्हर भिरकावला, तो दारात रुतला, हिच्या कानापासून वीतभर. ही म्हणाली, अहो, चहा हवा असेल तर तोंडाने सांगा. नेम धरला होता का, हे प्रामाणिकपणे तपासलं. नव्हता. रुतला मात्र छान.

१६ मार्च
जबडा सुजलाय. ज्याची फेरी संपली त्याने वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा आमच्या क्लबचा रिवाज. वळणावर साडू. माझ्याकडे बघून हसले. माझी गाडी वळली नाही. भरधाव त्यांच्या नडगीवर. मांस उघडं पडलं. त्यांनी दुसऱ्या पायाने गाडीचं कवच तुडवलं, मी रिमोट त्यांच्या कपाळावर आपटला, त्यांनी एक ठेवून दिली, मग खुर्च्या.
दोष घट्ट ग्रीसचा. सगळ्यांना सांगितलं. मनाचा कानाकोपरा झाडून पाहिला. हेतू सापडला नाही.

१७ मार्च, संध्याकाळ
हिची बॅग दारात. न्यायला ताई आणि साडू आले. त्यांच्या पायाला टाके, कपाळाला पट्टी. म्हटलं, थांबा, पुरावा दाखवतो. झिजलेला स्क्रू पकडीने पिळून सगळ्यांसमोर डिफ उघडली. आतून ऑइल निघालं. पातळ, पाण्यासारखं. टेबलाच्या कडेवरून ठिबकायला लागलं. शेवटचं काय भरलं होतं ते मला खरंच आठवत नव्हतं. निदान तसं वाटतं.
मग साडू म्हणाले, म्हणजे वळत होती की. ताई म्हणाल्या, चल गं. हिने चपला घातल्या. मी टेबल उलथायला गेलो. उचललंच गेलं नाही. साडूंनी लंगडत बॅग उचलली.
घरात फोडण्यासारखं अजून पुष्कळ आहे. ऐकायला कुणी नाही.
उद्या: ताईंकडे जाऊन हिला सांगायचं, गाडी वळत होती, मी वळवली नाही.